जुन्या फोर-बाय-फोरचं पोट गंजापासून वाचवायचं तर

जुनी फोर-बाय-फोर दारात आली की आधी इंजिन ऐकलं जातं, मग टायर बघितले जातात, मग सीट. खाली वाकून कुणी बघत नाही. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, कुजली तर मात्र त्या गाडीचं करण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून हा लेख, पहिल्यांदाच गाडीखाली झोपून हे काम करणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. डब्यातला रंग किंवा मेण हे या कामाचं शेवटचं पाऊल आहे. त्याआधी अडकलेला चिखल काढणं, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं आणि लोखंड खरोखर कोरडं होऊ देणं यातच बहुतेक मेहनत जाते. नवखी मंडळी नेमकं हेच घाईत उरकतात आणि ओल्या मातीवर महागडा काळा थर चढवून बसतात.

गंज कुठून सुरू होतो

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आलं की गंज सुरू होतो. मीठ त्याचा वेग वाढवतं, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक असते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे खारट चिखलाचा गोळा वरून सुकलेला दिसला तरी आतून ओला राहतो. समुद्रकिनारी वाळूत चालवलेली किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेली गाडी याच कारणाने लवकर खराब होते. अशी ओली, खारट गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्या कोरड्या थंडीत उभ्या गाडीपेक्षा जास्त वेगाने गंजते, कारण उष्णतेने ही क्रिया वाढते.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्रे एकावर एक बसवून जोडलेले असतील तर मधला गंज त्यांना आतून फाकवतो, फट वाढते, तिथे आणखी पाणी शिरतं. म्हणूनच उघड्या सपाट भागावरचा तांबूस थर मला फारसा घाबरवत नाही. जोड, कोपरे आणि बंद पोकळ्या घाबरवतात.

फोर-बाय-फोरच्या बाबतीत मुख्य अडचण चेसिसच्या रेलची, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या तिच्या दोन लांब तुळयांची. अनेक गाड्यांत त्या चारही बाजूंनी बंद, पेटीसारख्या असतात. नदी-नाल्यातून गाडी काढताना गढूळ पाणी भोकांतून आत जातं, पाणी निथळतं, गाळ तळाशी बसतो. हलक्या गाड्यांत हा पत्रा साधारण २ ते ४ मिलिमीटरच जाड असतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतून तो निम्मा खाल्लेला असू शकतो.

पायरी १: गाडी नीट उचला, मग नीट बघा

सपाट, टणक जमिनीवर गाडी लावा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या. जॅकने उचला आणि वजन पेलू शकतील अशा जॅक स्टँडवर टेकवा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, अगदी क्षणभरासाठीसुद्धा. स्टँड लावल्यावर गाडीला बाहेरून जोराचा धक्का देऊन बघा, मगच खाली जा. स्टँड कुजलेल्या जागी टेकवला तर तो पत्र्यातून आत घुसतो, तेव्हा टेकवायची जागा आधी ठोकून तपासा. पुढची-मागची संरक्षक पत्री, म्हणजे स्किड प्लेट आणि टाकीखालची प्लेट, या पायरीतच उतरवा. त्यांच्या वरच्या अंगाला वर्षानुवर्षांचा चिखल साठलेला असतो.

आता हवं ते सामान: चांगला टॉर्च, छोटी हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर, खडू आणि मोबाइल. मोबाइलला जोडायचा लवचिक वायरचा कॅमेरा मिळाला तर फार उत्तम, कारण रेलच्या भोकातून तो आत सरकवला की अंदाज बांधायची गरजच राहत नाही.

हातोडीने हलके ठोके देत चला. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक रुतलं किंवा पत्रा लवला तर खडूने गोल करा आणि फोटो घ्या. या जागा चुकवू नका:

- मागच्या अ‍ॅक्सलवर चेसिस जिथे कमानीसारखी वर उचलली जाते तो भाग. चाकाने उडवलेला सगळा चिखल इथे बसतो.
- सगळ्यात मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे दोन रेलना जोडणारी आडवी तुळई, विशेषतः त्याची खालची कड.
- पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर आणि शॅकल (ती चेसिसला धरणारे तुकडे), किंवा कॉइल स्प्रिंगच्या बैठका.
- बॉडी चेसिसवर जिथे टेकते ते माउंट आणि त्यांना धरणारे आउटरिगर.
- स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसवलेला आहे ती जागा.
- दाराखालचे सिल आणि चाकांच्या कमानींची आतली घडी.
- ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या, खासकरून क्लिपांच्या आत.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. ब्रेकची लोखंडी नळी खवल्यांसारखी खडबडीत झाली असेल तर तिला पॉलिश पेपरने घासून रंग देऊ नका. घासल्याने उरलेली भिंत आणखी पातळ होते आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ती फुटू शकते. अशी नळी बदलायचीच. तांबं-निकेल मिश्रधातूची नळी वाकवायला सोपी असते आणि ती लोखंडासारखी गंजत नाही. बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढणं आलंच, आणि हाताला सवय नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्या.

तपासणीनंतर गंजाची प्रतवारी डोक्यात स्पष्ट असायला हवी. नुसता तांबूस थर असेल तर घरी निभावेल. खपल्या सुटत असतील, पण खाली ठोकल्यावर टणक लोखंड लागत असेल, तरीही घरी निभावेल, फक्त मेहनत जास्त. भोक पडलं असेल किंवा टोक आत जात असेल तर तो विषय रंगाचा राहिलेला नाही. खराब भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि चेसिसचं वेल्डिंग अनुभवी माणसानेच करावं. फायबरचा कपडा, पुट्टी किंवा जाड काळा लेप लावून भोक झाकणं म्हणजे पुढच्या मालकाच्या आणि स्वतःच्या जिवाशी खेळणं. वेल्डिंग नेहमी मेण फवारण्याआधी उरका. फवारलेलं मेण आणि त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं.

गाडी अजून घ्यायची असेल तर एक खूण लक्षात ठेवा. बाकी गाडी थकलेली आणि पोटाला मात्र ताजा, जाड, काळा चकचकीत थर दिसला, तर मी आधी तो थर खरवडून बघू देण्याची परवानगी मागेन. नाही म्हणाले तर गाडी सोडून देईन.

पायरी २: धुवा, आणि मग वाट बघा

धुताना पाण्याच्या जोरापेक्षा पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं. प्रेशर वॉशरची पातळ धार जवळून मारली तर ती बेअरिंगच्या सीलमधून आणि वायरिंगच्या जोडांतून पाणी आत ढकलते. उघड्या भागांवर ती लांबून वापरा. चेसिसच्या रेलमध्ये मात्र साधी नळी घाला, वरच्या भोकातून आत सरकवा आणि खालच्या भोकांतून येणारं पाणी निवळ होईपर्यंत चालू ठेवा. खालून काहीच येत नसेल तर निचऱ्याची भोकं बुजलेली आहेत. जाड तारेने ती उघडा आणि पुन्हा सुरुवात करा. रेलच्या बंद टोकांना गाळ दगडासारखा घट्ट बसलेला असतो. तो रात्रभर भिजवून, वाकवलेल्या तारेने खरवडून काढावा लागतो. हे कंटाळवाणं आहे, पण पूर्ण कामातला सर्वात जास्त फायदा याच तासांत मिळतो.

तेलकट भागांवर डिग्रीजर लावून ब्रशने घासा आणि धुवून टाका. ग्रीसवर कुठलाच रंग टिकत नाही, आणि तारेचा ब्रश ग्रीस काढत नाही, नुसतं पसरवतो. जागा स्वच्छ झाली का हे कळायला थोडं पाणी शिंपडा: पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर अजून तेल आहे.

त्यानंतर सुकवणं. बाहेरचं लोखंड तासाभरात कोरडं दिसतं, रेलच्या आतलं नाही. कोरड्या हवेत किमान दोन-तीन दिवस द्या, दमट हवा असेल तर आणखी. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा भोकांतून मारली तर बराच वेळ वाचतो. आत घातलेल्या कॅमेऱ्यात पाण्याची चमक दिसत असेल तर पुढची पायरी उद्यावर ढकला. ओल आत ठेवून वर थर दिला की तो थर झाकणाचं काम करतो आणि ओल बाहेर पडू देत नाही.

पायरी ३: सुटा गंज काढा

आधी स्क्रेपर आणि हातोडी, मग तारेचा ब्रश, शेवटी ग्राइंडरवरची स्ट्रिप डिस्क. ग्राइंडरवर तारेची वाटी लावणार असाल तर पूर्ण चेहरा झाकणारी काच घालाच. त्या वाटीतून तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात. नाकातोंडावर धूळ गाळणारा घट्ट बसणारा मास्क हवा, लांब बाह्यांचे कपडे हवेत, आणि वरून पडणारी खपली डोळ्यात जाऊ नये म्हणून गॉगल क्षणभरही काढू नका. गाडीखाली सगळं आपल्या तोंडावरच पडतं.

तारेच्या वाटीची एक खोड आहे. ती जुनाट गंज काढण्याऐवजी त्याला घासून तपकिरी चकाकी आणते आणि आपल्याला लोखंड साफ झाल्यासारखं वाटतं. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हात फिरवा: खरं लोखंड राखाडी दिसतं, गंज काळपट-तपकिरी राहतो. खोल खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज राहणारच, तो पुढच्या पायरीत बघू. सँडब्लास्टिंगने खड्डेही साफ होतात. पण गाडी जोडलेली असताना ते करून घ्यायचं तर सील, ब्रेक आणि अ‍ॅक्सलचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छोटी तोंडं) कडेकोट झाकावे लागतात. बॉडी उतरवून पूर्ण बांधणी करत असाल तर ब्लास्टिंगला तोड नाही. तेव्हा चेसिस हॉट-डिप गॅल्व्हनाइज करण्याचाही विचार करा. त्यात ती सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात आणि जस्त आतल्या भिंतींपर्यंत पोचतं, जे ब्रशने कधीच साधत नाही.

पायरी ४: कन्व्हर्टर आणि प्राइमर

गंज कन्व्हर्टरमध्ये सहसा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल उरलेल्या गंजाशी मिळून निळसर-काळा, स्थिर थर बनवतं. फॉस्फोरिक आम्लाने लोह फॉस्फेट तयार होतं. दोन्हींचं काम पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजापुरतं. खपलीवर ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली गंज तसाच चालू राहतो. आणि चकचकीत साफ लोखंडावर टॅनिनवाल्या कन्व्हर्टरला धरायला काही नसतं, तिथे थेट प्राइमर द्या. फॉस्फोरिक आम्लाचं उत्पादन असेल तर ते नंतर धुवायचं की नाही हे डब्यावर वाचा. आम्लाचा अंश राहिला तर वरचा रंग सुटतो.

प्राइमरमध्ये माझी पसंती दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीला. तो लोखंडाला घट्ट धरतो आणि पाणी सहजी आत जाऊ देत नाही. साधा रेडऑक्साइड स्वस्त आणि सोपा आहे, पण तो नुसता सोडून देऊ नका. त्यावर रंग नसेल तर तो ओल शोषतो. जस्तयुक्त प्राइमर फार गुणी वस्तू आहे, कारण त्यातलं जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. मात्र त्यासाठी जस्ताचा लोखंडाशी थेट स्पर्श हवा. म्हणून तो ब्लास्ट केलेल्या साफ पत्र्यावरच वापरा, गंजावर किंवा कन्व्हर्टरवर त्याचा उपयोग नाही.

हवेतली ओल शोषून घट्ट होणारे युरेथेन रंगही मिळतात, जे थोड्या गंजलेल्या पृष्ठभागावर चांगले बसतात. त्यांत आयसोसायनेट, म्हणजे श्वासाला अपायकारक रसायनं, असतात. ते ब्रशनेच लावा, फवारू नका, आणि हातमोजे, योग्य मास्क व मोकळी हवा याशिवाय डबा उघडू नका. उन्हात त्यांचा थर खराब होतो, म्हणून जिथे ऊन लागतं तिथे वर दुसरा रंग द्यावा लागतो.

रंग देताना लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पृष्ठभागावर बसते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की भल्या पहाटे किंवा दमट संध्याकाळी रंगकाम काढू नका.

पायरी ५: बाहेरचा थर कुठला

इथे मी स्पष्ट बाजू घेतो. जुन्या गाडीला डांबरी किंवा रबरी जाड अंडरकोटिंग देऊ नका. कारखान्यातून आलेल्या स्वच्छ पत्र्यावर त्याचं काम ठीक चालतं. जुन्या चेसिसवर तो कडक होतो, दगड लागून त्याला बारीक चिरा जातात, चिरेतून पाणी आत शिरतं आणि थराच्या मागे पसरत जातं. वरून सगळं काळं-साजरं असतं. एक दिवस हाताएवढा पोपडा निघतो आणि त्याच्यासोबत पत्राही.

त्याऐवजी मऊ राहणारे थर घ्या. मेणाचा अंडरबॉडी थर नीट बसला तर दोन-तीन वर्षं टिकतो, ओरखडा आला तरी काही प्रमाणात सरकून तो भरून काढतो, आणि आतला गंज वाढला तर तो वरून कळतो. लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा थर कायम चिकट राहतो, फटींत छान उतरतो, पण दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो. तेलाचा फवाराही वर्षाचाच. तो सर्वात खोल झिरपतो, पण काही दिवस ठिबकत राहतो. सतत चिखल-पाण्यात जाणाऱ्या गाडीला मी इपॉक्सीवर मेण देईन. पूर्ण साफ करणं शक्यच नसेल अशा गाडीला लॅनोलिन, कारण तो अपुऱ्या तयारीलाही सांभाळून घेतो.

इंजिनातलं जळकं तेल फवारायची जुनी पद्धत आहे. कृपया ती पाळू नका. त्या तेलात आम्लं आणि कर्करोगकारक घटक असतात, रबरी बुश फुगतात, आणि ते ठिबकून माती व पाणी खराब करतं.

बॅटरीला जोडून गंज थांबवण्याचा दावा करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांवरही पैसे घालवू नका. विजेने लोखंड वाचवायची पद्धत जहाजांवर आणि जमिनीत पुरलेल्या पाइपांवर खरोखर चालते, कारण तिथे धातूभोवती पाण्याचं किंवा ओल्या मातीचं सलग माध्यम असतं. हवेत फिरणाऱ्या गाडीभोवती ते नसतं.

फवारण्याआधी काय झाकायचं

सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर झाका. तापल्यावर मेण धुमसतं. ब्रेकची डिस्क, ड्रम, कॅलिपर आणि पॅड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. सेन्सर, त्यांचे जोड, अर्थिंगच्या जागा आणि अ‍ॅक्सल-गिअरबॉक्सचे ब्रीदर यांना टेप लावा. प्रोपेलर शाफ्टवर जाड थर देऊ नका, त्याचा तोल बिघडतो. रबरी बुश आणि बूट शक्यतो टाळा, पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं. चेसिस नंबर वाचता येईल असा उघडा ठेवा. नंतर टेप आणि पिशव्या काढल्या का हे मोजून बघा.

पायरी ६: पोकळ्यांच्या आत

बाहेरचं काम दिसतं म्हणून लोक त्यावर जीव ओततात. रेल, सिल आणि क्रॉसमेंबरच्या आतला थर कुणालाच दिसत नाही, पण गाडीचं आयुष्य तोच ठरवतो. इथे कॅव्हिटी वॅक्स लागतं, म्हणजे पातळ, पसरणारं मेण, आणि सोबत लांब लवचिक नळी, जिच्या टोकाला चारही बाजूंनी फवारणारा नोझल असतो.

कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मेण पातळ होऊन नीट उडतं. उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ कधीही नाही. नळी कारखान्याच्या मूळ भोकातून रेलच्या टोकापर्यंत आत घाला, मग फवारा सुरू करून सावकाश, एकाच गतीने बाहेर ओढा. उलट दिशेने केलं तर नळी स्वतःच मेण खरवडत आत जाते. खालच्या भोकांतून मेणाचं धुकं किंवा थेंब येऊ लागले की तो भाग झाला. चेसिसला नवी भोकं पाडू नका. बहुतेक गाड्यांत पुरेशी असतात, काही रबरी बुचांखाली लपलेली असतात.

गाडी रात्रभर पुठ्ठ्यांवर निथळू द्या. सकाळी प्रत्येक निचऱ्याच्या भोकात तार फिरवून ते मोकळं करा. मेणाने भोक बुजलं तर पुढच्या पावसाचं पाणी आतच तुंबेल.

अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि लोखंडी चेसिस असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये, दोन धातू जिथे टेकतात तिथे ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं. अशा जोडांत रबरी किंवा प्लास्टिकचं अस्तर घाला आणि बोल्ट बसवताना धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावा.

त्यानंतरची देखभाल

चिखलातून आल्यावर एक-दोन दिवसांत खालून धुवा. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी, भरपूर गोड्या पाण्याने, रेलच्या आतूनही. स्किड प्लेटवरचा चिखल हाताने चाचपून काढा. बाहेरच्या फवाऱ्याने तो निघत नाही.

वर्षातून एकदा, पावसाळा किंवा मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी, पुन्हा खाली शिरा आणि पहिल्या वेळचे फोटो समोर धरून त्याच जागा बघा. चाकामागच्या भागांवरचं मेण सर्वात आधी झिजतं, तिथे नवा हात द्या. थराखालून तांबूस डाग वर आलेला दिसला तर तेवढाच तळहाताएवढा भाग सॉल्व्हंटने पुसा, खरवडा, कन्व्हर्टर आणि प्राइमर लावा, सुकल्यावर पुन्हा मेण. पूर्ण पोट सोलायची गरज नाही. तोच डाग वर्षभरात त्याच जागी परत आला तर गंज पत्र्याच्या आतल्या बाजूने येतो आहे असं समजा, कॅमेरा आत घाला आणि ठोकून जाडी तपासा.